गाळणं, जाळं आणि सातपाटीचं बंदर



सातपाटीच्या बंदरावर जाऊन आले, हे कळल्यापासून मंदिरात दोघी-तिघींनी विचारलं, "तुझं तिथं काय काम?" एकीनं तर नुसत्या नावानंच नाकाला पदर लावला. म्हणून आज जरा मोकळेपणानं लिहिते. माझं मत आधीच सांगते: समुद्रातल्या जिवांची आपल्याला खरंच काळजी असेल, तर मासेमारांकडे पाठ फिरवून ती करता येणार नाही.

मुलीच्या शाळेतल्या एक बाई सातपाटीच्या. त्यांनीच बोलावलं होतं. पालघरहून शिरगाववरून रिक्षा केली. बंदर खाडीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे बोटी भरतीच्या वेळेप्रमाणे आत येतात, घड्याळाप्रमाणे नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. पुढचा तासभर नुसती धावपळ. खलाशी बोटीतून टोपल्या उतरवत होते, बर्फ फोडला जात होता, आणि भाव ठरवायला पुढे होत्या त्या बायका. हिशेब सगळा तोंडी, आणि चूक काढायची कुणाची हिंमत नाही! बाजूला बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकत होते. वास होता. खोटं कशाला सांगू? मेलेले जीव डोळ्यांसमोर होते आणि मला ते बघवत नव्हतं, हेही खरं. त्यावर मी पांघरूण घालणार नाही.

पण तिथली एक गोष्ट सांगायलाच हवी. सूर्य खाली जायला लागला तशा बाईच म्हणाल्या, "ताई, तुमचं दिवस मावळायच्या आत असतं ना? आधी घेऊन टाका." आणि घरातलं भांडं मला लागू नये म्हणून शहाळं फोडून दिलं. आमचे नियम त्यांना ठाऊक होते. त्याच बाईंना बोईसरमध्ये भाड्यानं घर बघताना "मांसाहारी नकोत" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. शहाळं देताना त्यांनी हे सांगितलं नाही, नंतर बोलता बोलता निघालं. अहिंसा हे व्रत आहे, घरमालकाची अट नव्हे. माणसाच्या मनाला लागेल असं बोलणं ही हिंसाच, हे आपण प्रतिक्रमणात दरवेळी म्हणतो की नाही?

आता त्यांचे नियम ऐका. सातपाटी म्हणजे पापलेट. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. गावातल्या दोन सहकारी संस्था सभासदांकडून पापलेट घेतात, वजनाप्रमाणे वेगळे करतात आणि विकतात. पण मोठं पापलेट आता पूर्वीसारखं मिळत नाही. पिल्लं वाढायच्या आधीच बारीक आसाच्या जाळ्यात येतात. (आस म्हणजे जाळ्याचं भोक, हा शब्द मी तिथं शिकले.) नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, पापलेटची १३५ मिलिमीटर. म्हणजे आपल्या फुलक्याहूनही लहान. त्याहून लहान मासा धरायचा नाही.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्वी ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोपर्यंत असायची. सातपाटीचे मच्छीमार बंदी वाढवून मागतात. स्वतःच्या कमाईचे दिवस कमी करा, असं सरकारला सांगणारे लोक तुम्ही किती पाहिलेत? नारळी पौर्णिमा म्हणजे आपली रक्षाबंधनाची पौर्णिमा, विष्णुकुमार मुनींनी सातशे मुनींचं रक्षण केलं तो दिवस. तोवर आपला चातुर्मास सुरू झालेला असतो आणि पावसात जीव वाढतात म्हणून साधू एका जागी थांबलेले असतात. मच्छीमारही जीव वाढावेत म्हणूनच थांबतो. पुढे तो ते धरतो, हा फरक मोठाच आहे. पण थांबणं तर खरं आहे.

मला राहून राहून जिवाणी आठवत होती. पाणी गाळलं की गाळण्यात राहिलेले जीव मोरीत सांडायचे नाहीत, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हलक्या हातानं सोडायचे, हे सासूबाईंनी शिकवलं. (फ्लॅटमध्ये नळाची विहीर कुठून आणायची, तो विषय वेगळा.) लहान जीव परत पाण्यात जावा म्हणून आपलं गाळणं बारीक हवं आणि त्यांचं जाळं मोठ्या आसाचं हवं.

आणि आता जे आपल्याला आवडणार नाही ते. आमच्या घरात मासळी येत नाही, पण घरात येणारा पगार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी तसंच. तिथलं सांडपाणी याच खाड्यांत आणि समुद्रात जातं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली. जाळ्यात न सापडता मरणाऱ्या माशांचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा? कोळणीच्या तर नक्कीच नाही. ज्यांच्या घरी कारखान्याचे निर्णय होतात, त्यांनी पर्युषणात उपवास किती केले याआधी सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र रात्री चालू असतं का, हे विचारावं. मी आमच्या घरी विचारते. रोज विचारते म्हणून हसतात, हसू देत.

जीवदयेच्या पैशांतून बाजारातले जिवंत मासे विकत घेऊन तळ्यात सोडण्याची पद्धत मला पटत नाही. विकणारा दुसऱ्या दिवशी तेवढेच जास्त आणतो. त्यापेक्षा एक चांगली सोय आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (तोच तो ठिपक्यांचा अजस्र मासा) अडकली आणि मच्छीमारानं जाळं कापून तिला सोडलं, तर फोटोसकट अर्ज केल्यावर राज्य सरकार जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत देतं. डिसेंबर २०१८ पासून ही योजना आहे. पण जाळं कापलं की त्या दिवसाची मासळीही गेली, आणि डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी कुणाला चुकलेली नाही. तो खड्डा आपण थोडा भरू शकतो.

यंदा पर्युषणात जमणाऱ्या जीवदयेच्या रकमेतला निम्मा भाग यासाठी बाजूला ठेवावा, असं मी महिला मंडळापुढे मांडणार आहे. विरोध होईल, माहीत आहे. सातपाटीच्या बाईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "संस्थेत बोलून बघते. पण ताई, तुमच्या मंडळातल्या दोघी-चौघींना एकदा घेऊन या. येताना भरतीची वेळ मात्र मला विचारून या."