बंद संहितेचे आयुष्य

ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर हा मराठीच्या अध्यापकांनी लिहिण्याचा विषय आहे काय, अशी शंका या पानाच्या वाचकाला येणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळात संहितेचा आहे. संहिता कुणाच्या हाती राहते, ती कोण वाचू शकतो आणि कोण शुद्ध करू शकतो, या गोष्टी आपल्या अभ्यासशाखेला तरी अपरिचित नाहीत.

महाड-पोलादपूरकडे घरातला संगणक पुष्कळदा वापरलेलाच असतो. मुंबई-पुण्यात नोकरी करणारा भाऊ नवा घेतो आणि जुना गावी पाठवतो. जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा प्रसंगानंतर नवे यंत्र घेण्याची ऐपत किती जणांची असणार? त्यात 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली, आणि विंडोज 11 च्या अटींत बरीचशी जुनी यंत्रे बसत नाहीत. त्यामुळे अशा यंत्रांवर लिनक्स घालण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. लिनक्स बसते, प्रबंधाचे टंकलेखन सुरू होते, आणि एके दिवशी कर्नल अद्ययावत झाल्यावर पडदा काळा पडतो किंवा अक्षरे अवाढव्य दिसू लागतात. ‘कार्ड गेले’ असे निदान होते. पुष्कळदा कार्ड मात्र धडधाकट असते.

कर्नल हा प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर हा त्या गाभ्याचा व यंत्रभागाचा दुभाषा. लिनक्सच्या कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. तिचे दोन दंडक आहेत. वापरकर्त्याच्या कार्यक्रमांना दिलेला शब्द मोडायचा नाही, हा पहिला. दुसरा असा की, गाभ्यातली अंतर्गत परिभाषा मात्र केव्हाही बदलता येईल. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या दुसऱ्या दंडकाचे समर्थन करणारे टिपण लिहिले असून ते कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या संहितेत सामील आहे, त्याच्यातले शब्द परिभाषा बदलणाराच बदलून देतो. जो बाहेर राहिला, त्याने आपले आपण पाहावे.

एक उदाहरण पुरेसे आहे. एनव्हिडियाचे जीफोर्स 8400 जीएस हे 2007 सालचे स्वस्त कार्ड. त्याच्यासाठी कंपनीने काढलेला 340 मालिकेचा शेवटचा ड्रायव्हर, 340.108, डिसेंबर 2019 चा. पुढे 2020 मध्ये कर्नलच्या 5.6 या आवृत्तीतून ‘आयओरीमॅप_नोकॅश’ हे नाव काढून टाकण्यात आले. ‘आयओरीमॅप’ हे दुसरे नाव तेच काम करीत असल्याने ते अनावश्यक झाले होते. परंतु 340.108 त्याच जुन्या नावाने हाक मारीत होता, आणि ओ देणारे कुणी उरले नाही. असे आणखीही काही बदल झाले. या ड्रायव्हरचे बाहेरचे कवच वाचता येते, म्हणून काही वापरकर्त्यांनी त्यात दुरुस्त्या करून तो पुढे चालवला. आतला गाभा बंद, तिथे कुणाचेच काही चालत नाही.

येथे महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. जपणूक निष्ठेची होती, तिच्यामागे श्रद्धा होती. कंपनीच्या व्यापारी गुप्ततेशी तिची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण परिणाम पाहावा. ‘लीळाचरित्रा’सारखा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके दुरावला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. ‘नुव्हो’ या मुक्त ड्रायव्हरच्या कर्त्यांनीही याच जातीचे काम केले. एनव्हिडियाची कार्डे कोणत्या संकेतांनी चालतात, हे बाहेरून न्याहाळून त्यांनी संहिता नव्याने लिहिली, आणि 2010 मध्ये ती कर्नलमध्ये आली.

याच्या उलट बाजूला ज्ञानेश्वरी आहे. शके 1212 ची ही संहिता पाठभेदांनी गढूळ झाल्यावर एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध करता आली. कारण ती वाचता येत होती आणि तिच्या अनेक प्रती हाती होत्या. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ग्रंथ टिकवायचा तर लेखन दुसऱ्याला वाचता आले पाहिजे, ही जाण आपल्या परंपरेत अशी मुरलेली आहे.

तरीही संहिता मुक्त असली की ती अमर झाली, असे आम्ही म्हणणार नाही. मेसा या मुक्त प्रकल्पाने 2022 च्या 22.0 आवृत्तीपासून रेडिऑनच्या अगदी जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मुख्य संहितेतून बाहेर काढले. त्यांना वाचक उरला नव्हता. मात्र ती संहिता ‘अंबर’ नावाच्या शाखेत ठेवली आहे. उद्या कुणाला गरज पडली तर ती तिथे सापडेल. दुर्लक्षित पोथी आणि कुलूपबंद पोथी यांत एवढा फरक राहतोच.

व्यवहारात काय करावे, तेही सांगतो. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबली की ग्रबची यादी येते. तीत आधीचे कर्नल सहसा शिल्लक असते. ते निवडून काम सुरळीत झाले, तर कार्ड शाबूत आहे हे ठरले. मग ‘एलएसपीसीआय -के’ या आज्ञेने कार्ड कोणते व ड्रायव्हर कोणता चालू आहे ते पाहावे. ‘डीकेएमएस स्टेटस’ने नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झाले की नाही ते कळते. कंपनीने ड्रायव्हर सोडून दिला असेल, तर तो पूर्ण काढून नुव्होवर यावे. अर्धवट काढल्यास नुव्होला मज्जाव करणारी नोंद मागे राहू शकते, आणि पडदा काळाच राहतो. नुव्होचा वेग कमी असतो, पण लिहिण्या-वाचण्याला तो पुरतो. जुन्याच कर्नलवर कायमचे राहणे मात्र धोक्याचे. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात.

एनव्हिडियाने मे 2022 मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलची संहिता खुली केली, परंतु ती 2018 नंतरच्या कार्डांपुरती. म्हणजे ज्याला नवे परवडते त्याला मुक्त संहिता, आणि ज्याच्या वाट्याला जुने येते त्याला कुलूप. मालाची देखभाल थांबवण्याचा अधिकार कंपनीला असेल. पण थांबवताना संहिताही अडकवून ठेवण्याचा अधिकार तिला असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिची देखभाल थांबली ती संहिता खुली करावी, ही मागणी ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी करायला हवी. आणि देणगीत आलेला संगणक स्वीकारताना त्याची मेमरी किती, हे आपण विचारतोच. त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या संहितेत आहे काय, हेही विचारू लागावे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा प्रश्न अवघड वाटू नये.