दोन खाती वेगळी ठेवा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत, फीटचा ऐच्छिक नियम लागू असेल तर, कॅरेक्टर चौथ्या लेव्हलला पोहोचले की खेळाडूला एक फीट, म्हणजे खास कौशल्य, घेता येते. 'शार्पशूटर' घेतली तर नेमातून ५ वजा करायचे आणि बाण लागला की इजेत थेट १०ची भर घालायची. 'लिंग्विस्ट' घेतली तर बुद्धी १ने वाढते, तीन नव्या भाषा येतात, सांकेतिक लिपी रचता येते. दोन्हींची किंमत एकच. पण किंमत सारखी ठेवल्याने मोल सारखे होत नाही, आणि टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांच्या रचनेतला जुना दोष नेमका इथे आहे.

लढाई कधी ना कधी होणारच, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. तिथे फेरीमागून फेरी फासे पडतात, प्रत्येक आकड्याचा हिशेब होतो आणि हरल्यास कॅरेक्टर जिवाला मुकते. नवी भाषा मात्र डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ती बोलणारा कोणी समोर आणला तरच उपयोगी पडते. शिवाय भाषा शिकणारा लढाईत कमी पडला की त्याची झळ साऱ्या पार्टीला, म्हणजे सोबतच्या गटाला, बसते. मग शहाणा खेळाडू धनुष्यच उचलणार. त्यावरून 'लोकांना मारामारीच हवी असते' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. ती निवड नियमांनीच त्याच्याकडून करवून घेतलेली असते.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. लढाईची कौशल्ये आणि इतर कौशल्ये यांची खातीच वेगळी ठेवायची. 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, ऐच्छिक नियम म्हणून का होईना, शस्त्रांचे प्रावीण्य आणि इतर प्रावीण्य यांना स्वतंत्र जागा होत्या. २०१९च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत क्लास फीट आणि स्किल फीट वेगवेगळ्या मिळतात. वाटाघाटी शिकण्यासाठी तिथे तलवारीचा हात सोडावा लागत नाही.

माणूस एकच असतो, त्याची शक्ती आणि वेळही मर्यादित असतो, तेव्हा त्याग करावा लागण्यातच निवडीची गंमत आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो त्याग सारख्या गोष्टींमध्ये असावा. ढाल की दोन हातांची तलवार, हा खरा पेच आहे. दरबारी रीतिरिवाज की जंगलातली वाट, हाही खरा पेच आहे. जीव वाचवणे की बोलता येणे, हा पेच नाही; त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

अर्थात नुसती खाती वेगळी करून भागणार नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या त्याच पाचव्या आवृत्तीतला रेंजर, म्हणजे रानातला वाटाड्या, आपल्या परिचयाच्या प्रदेशात पार्टी घेऊन निघाला की जादूशिवाय कोणी वाट चुकत नाही, बिकट जमिनीने वेग मंदावत नाही, अन्न शोधले तर नेहमीच्या दुप्पट मिळते. कागदावर हे वरदान वाटते. टेबलावर मात्र प्रवासातला प्रश्नच पुसला जातो आणि ज्याला अरण्य खेळायचे होते त्याच्या वाट्याला खेळायला काही उरत नाही. लढवय्याला कोणी 'तुझ्या आवडत्या शत्रूशी लढाई आपोआप जिंकलीस' असे सांगत नाही. त्याला डावपेच, धोका आणि पर्याय मिळतात. वाटाड्याला, दुभाष्याला, वैद्यालाही तेच मिळायला हवेत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तो 'चेनमेल' या युद्धखेळाच्या मुशीतून. लढाईचे नियम भरभक्कम असणे स्वाभाविकच होते. तरीही त्या पहिल्या खेळात खजिना बाहेर काढल्याचे अनुभव-गुण मिळत. राक्षसाला चुकवून सोने आणणारा शहाणा ठरे. लढाई टाळण्याला तेव्हा नियमांतच प्रतिष्ठा होती. पाचवी आवृत्ती लढाई, शोधयात्रा आणि संवाद हे खेळाचे तीन खांब असल्याचे सांगते. ते खरे करून दाखवायचे तर तिन्ही खांबांना नियमांचे स्वतंत्र बळ द्यावे लागेल. नवा खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने कौशल्यांची यादी करण्याआधी ही वाटणी करावी.