फायर एक्स्टिंग्विशर आहे, पण डिकीत! मग उपयोग काय?

२४ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे हैदराबादहून बंगळुरूला निघालेली खासगी स्लीपर बस कुर्नूलजवळ जळून खाक झाली. बसखाली अडकलेली मोटारसायकल फरफटत गेली आणि भडका उडाला. १९ प्रवासी गेले. सामानात २०० हून जास्त स्मार्टफोनचं पार्सल होतं आणि त्यांच्या बॅटऱ्यांमुळे आग आणखी भडकली, असंही बातम्यांत आलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला यवतमाळ-मुंबई बस ट्रकला धडकून पेटली होती, तेव्हा १२ जण दगावले.

अशा घटनेनंतर चर्चा होते ती ‘गाडीत एक्स्टिंग्विशर होता का?’ याची. खरं तर विचारायला हवं, तो कुठे होता?

कारसाठी मिळणारा १ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर चालतो जेमतेम ८-१० सेकंद. म्हणजे तो फक्त सुरुवातीच्या छोट्या आगीसाठी आहे. तो काढायला तुम्ही मागे जाऊन, बॅगा बाजूला सारून डिकी उपसणार असाल, तर तेवढ्यात आग त्याच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. सीएनजी गाडीत तर गॅसची टाकीच बहुतेक वेळा डिकीत असते. मागून धडक बसली तर डिकी उघडेलच याचीही खात्री नाही.

सगळ्यात बरी जागा म्हणजे पुढच्या सीटखाली, धातूच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवलेला, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. नुसता ठेवू नका. घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेला तर वेगळंच संकट. डॅशबोर्डवर उन्हात तर नकोच. घेताना आयएसआय मार्क बघा, आणि गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून तपासा.

धूर दिसला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आधी सगळे उतरा. बॉनेट सताड उघडू नका, आत हवा शिरली की आग उसळते. फटीतून पावडर मारा, ज्वाळेच्या टोकावर नाही, बुडाशी. आटोक्यात येत नसेल तर सोडून द्या आणि लांब जाऊन ११२ ला फोन करा. गाडीचा इन्शुरन्स असतो हो!

ईव्हीच्या बॅटरीची गोष्ट मात्र निराळी. लिथियम बॅटरीत एक सेल तापला की शेजारचाही तापतो. पावडरने ज्वाळा विझते, आतली उष्णता तशीच राहते आणि आग पुन्हा पेटते. २०२२ मध्ये ई-स्कूटर पेटल्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, पण पेटलेल्या पॅकपुढे १ किलोच्या सिलिंडरचा निभाव लागत नाही. तिथे भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

स्लीपरने जात असाल तर फोन चार्जिंगला लावण्याआधी आपत्कालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघून घ्या. हातोडी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची; पुढची काच लॅमिनेटेड असते, ती तडकते पण सहजासहजी फुटून पडत नाही.