फूल, दोन पानं आणि एक सोमवार

वर्तमानपत्र एक दिवसात शिळं होतं आणि रद्दीत जातं. पण तेच चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर राहिलं, तर मुरलेल्या लोणच्यासारखं चवदार लागतं. ज्या मथळ्यावरून घराघरात ताटं आपटली गेली, तो वाचताना आज चक्क हसू येतं!

माझं आजोळ कारापूरचं. डिचोली तालुक्यात, वाळवंटी नदीच्या अल्याड कारापूर आणि पल्याड साखळी. गेल्या मे महिन्यात मामांच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर पितळी समयांना गुंडाळलेले एकाच तारखेचे दोन अंक निघाले. तारीख १६ जानेवारी १९६७, वार सोमवार. एक ‘गोमंतक’, दुसरा ‘राष्ट्रमत’.

त्या दिवशी गोव्यात जनमत कौल होता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित प्रदेशाची दोन पानं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ डिसेंबरातच पायउतार झालं होतं. दोन्ही अंकांत दुसरा विषयच नाही. ‘गोमंतक’चा जीव फुलात, ‘राष्ट्रमत’चा दोन पानांत, आणि विजय आपलाच याविषयी दोघांनाही तिळमात्र शंका नाही. मतमोजणीची गरज काय, असं वाचणाऱ्याला वाटावं!

गंमत म्हणजे दोन्ही दैनिकं मराठीच. महाराष्ट्रात चला हेही मराठीत सांगितलं जात होतं आणि महाराष्ट्र नको हेही मराठीतच. उदय भेंब्रे यांचं गाजलेलं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाच्या विरोधातलं, पण ते छापलं जायचं मराठी ‘राष्ट्रमत’मध्ये. भाषा आणि राज्य एकाच दोरीने बांधलेली असतात असं समजणाऱ्याने हे दोन अंक शेजारी ठेवून वाचावेत.

एका घरात दोन पेपर कसे? मामा डिचोलीच्या वाऱ्यावर वाढलेले, म्हणून फुलाचे. मामी मडगावची. ‘राष्ट्रमत’ही मडगावचाच, आणि तिचे भाऊ येता-जाता तिला तो पोचवायचे. म्हणजे लग्नातच सासर फुलाचं आणि माहेर पानांचं! मतदानाला दोघं एकाच वाटेने चालत गेली. वाटेत मामी म्हणाली म्हणे, “पानांबगर फूल सोबता काय?” मामांनी उत्तर दिलं नाही. ते आता नव्वदीला टेकलेत, उत्तर अजून आलेलं नाही.

बेळगावी परतल्यावर मी हे दोन्ही अंक सासूबाईंना दाखवले. आमच्या अत्ते घरी कन्नड बोलतात, भाजीवालीशी मराठी आणि देवाशी दोन्ही. त्या वेळी आपलं राज्य अजून म्हैसूर होतं. कर्नाटक हे नाव १९७३ साली आलं. इकडे निजलिंगप्पा, तिकडे वसंतराव नाईक, आणि मधे ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग सीमेचे नकाशे उलगडून बसलेला. आमच्या घरी ‘संयुक्त कर्नाटक’ यायचा, शेजारच्या मावशींकडे ‘तरुण भारत’. दुपारी भिंतीवरून अदलाबदल. दोन पेपरांचं कधी पटलं नाही, पण गोव्याच्या त्या बातमीवर दोन्ही बायकांचं एकमत झालं. अत्ते आजही तेच म्हणतात, “नम्मन्न यार केळ्यार?” आम्हाला कुणी विचारलं?

वाचकहो, आपल्या भागाचं सगळं राजकारण या एका वाक्यात आहे. गोव्याला विचारलं, तर तो नको म्हणाला. इकडे विचारा म्हणून लोक ओरडत होते, तर आयोग आला. ऑगस्ट १९६७ मध्ये आयोगाने बेळगाव म्हैसुरातच ठेवायला सांगितलं, आणि २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मिळत नाही, पण विचारल्याचा मान तरी राहतो.

त्या आठवड्यातली आणखी एक बातमी मला या सगळ्याहून शहाणी वाटते. १३ ते १८ जानेवारीला मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी चालली होती. सलामीला फारुख इंजिनियरसोबत मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई, मधल्या फळीत पुण्याचे चंदू बोर्डे, चेंडू म्हैसूरच्या चंद्रशेखर आणि प्रसन्नांच्या हाती. गोवा, महाराष्ट्र आणि म्हैसूर एकाच संघात सुखाने नांदत होते! सामना मात्र अनिर्णित राहिला. सीमेचा प्रश्नही त्यांनी तिथूनच उचलला असावा.

कौलाचा आकडा लागला: दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०. फरक ३४,०२१. मामा दोन दिवस जेवले नाहीत, मामीने दोन दिवस गोड केलं नाही. आणि मार्चमध्ये निवडणूक झाली, तर विलीनीकरणवाल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच लोकांनी पुन्हा निवडून दिलं, एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! जानेवारीत नको, मार्चमध्ये तुम्हीच हवेत. मतदारापुढे भल्याभल्या संपादकांनी हात टेकले ते उगाच नाही. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली, कायद्यात मराठीलाही जागा राहिली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. फूलही नाही, पानंही नाहीत, तिसरंच झाड उगवलं.

कारापुरात विठ्ठलापूरचं विठ्ठलमंदिर आहे. मामी घरी कोकणी बोलते, तिथे जाऊन मराठी अभंग म्हणते, आणि ज्याला म्हणते त्याला खुद्द ज्ञानदेवांनी कानडा म्हटलंय. या तिघांत कुणी कुणात विलीन व्हायचं, यावर कौल घ्यायचं धाडस अजून कुठल्याही सरकारला झालेलं नाही. पूजेच्या तबकात मामी फुलं ठेवते आणि तुळशीची पानंही. मामा ते तबक मुकाट्याने धरून उभे असतात.