सासूबाईंचे पाळणे आणि घरातला कॉम्प्युटर

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या हातून व्हायची नाही.

आमच्या सासूबाईंना दहा-बारा पाळणे पाठ आहेत. त्यांच्या आईकडून आलेले, मला तरी कुठल्या पुस्तकात न सापडलेले. एका रविवारी त्यांना झोपाळ्यावर बसवलं, मुलगी पेटीवर बसली, मी टाळ घेतले आणि मोबाइलवर सगळं एकदम रेकॉर्ड केलं. रात्री ऐकतो तर काय, नुसती पेटीच पेटी! आईंचा आवाज कुठेतरी मागे, स्वयंपाकघरातून आल्यासारखा. म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा करू. तो रविवार आलाच नाही. आई न्हाणीघरात पडल्या, दोन महिने अंथरुणात गेले, आणि उठल्यावर त्या पाळण्याची शेवटची दोन कडवी काही केल्या त्यांना आठवेनात. भाच्याने हल्ली निघालेला एक प्रोग्रॅम वापरून पेटीतून आवाज सोडवून पाहिला. सुटला, पण पाण्याखालून गायल्यासारखा.

आमटी-भात एकदा कालवला की कालवला. म्हणून आता मी वाट्या वेगळ्या ठेवते. ह्यालाच मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग म्हणतात. आवाज एका पट्टीवर, पेटी दुसऱ्या, टाळ तिसऱ्या. कमी-जास्त नंतर सावकाश करायचं.

ह्यांचा जुना लॅपटॉप ह्याला पुरला. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. एक यूएसबी माइक घेतला आणि वायरवाला हेडफोन. ब्लूटूथवाला नको बरं का, त्यात आवाज उशिरा कानात पोचतो आणि ताल चुकतो.

जाणकार सांगतात, आधी ताल भरा, मग त्यावर गा. आमच्याकडे ते जमलं नाही. आईंच्या कानात ठेका लावला तर म्हणाल्या, “अगं, कोण टकटक करतंय? पाळणा म्हणायचाय की कवायत करायचीय?” खरंच आहे, पाळण्याची लय झोक्याची. तेव्हा आधी आईंचा आवाज, मग त्यांच्या मागून पेटी. फक्त एकाच कानात मोबाइलवरचा तानपुरा अगदी हळू सोडला. त्यामुळे सूर ढळला नाही आणि तानपुरा माइकमध्येही शिरला नाही. सूर हलला तर पेटीला नंतर जुळवून घेता येत नाही.

माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ फुंकर मारतात. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीशी दोन गोधड्या. आवाजाची पट्टी स्क्रीनवर हलते ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही.

मग मुलीने हेडफोन लावून आजीचा आवाज ऐकत पेटी वाजवली. इथे एक गंमत आहे. नुसतं आर दाबलं तर नवा आवाज जुन्याच पट्टीच्या पुढे जोडला जातो. शिफ्ट धरून आर दाबलं की नवी पट्टी उघडते. हे कळेपर्यंत आमची दुपार गेली! आणि हेडफोन न लावता स्पीकरवर ऐकत वाजवलंत, तर आजीचा आवाज पेटीच्या पट्टीतही उतरतो, मग वाट्या वेगळ्या कसल्या? पेटी किंचित मागे पडलेली वाटली तर तिची पट्टी माउसने पुढे-मागे सरकवता येते.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एक्स्पोर्ट केल्यावर सगळ्या पट्ट्या एक होतात. नातेवाइकांना पाठवायला ते ठीक, पण जागा मोकळी करायची म्हणून मूळ प्रोजेक्ट पुसू नका. आईंच्या आवाजाची वेगळी वेव्ह फाइलही मी काढते. मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक नणंदेकडे.

आई आता एका बैठकीत एकच पाळणा म्हणतात, तोही सकाळी चहानंतर. काल पाचवा झाला. पंखा बंद होता, दार लावलेलं होतं, आणि तिसऱ्या कडव्याला शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. आई थांबल्या नाहीत. मीही ती शिट्टी काढली नाही.