पगाराचं कार्ड, सुगीचं घर

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मराठी घरांतही आता पुण्या-मुंबईच्या पैसा-पंडितांचे व्हिडिओ पोचतात. त्यांचा सल्ला ठरलेला असतो. सगळा घरखर्च क्रेडिट कार्डावर टाका, पॉइंट साठवा, ते विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलून घ्या आणि वर्षाअखेरीस बायकापोरांना फुकट फिरवून आणा. याउलट आडत बाजारातला जाणता माणूस याच कार्डाला सावकार म्हणतो आणि त्याच्या सावलीलाही उभं राहू नका म्हणून बजावतो. दोघंही चुकतात; पहिला जरा जास्तच.

त्याचा समाचार आधी घेऊ. त्याचं सगळं गणित विमानावर बेतलेलं असतं आणि सीमाभागाचं विमान भरवशाचं नाही. बिदरच्या हवाई दलाच्या तळावर ‘उडान’ योजनेतून फेब्रुवारी 2020 मध्ये बेंगळुरूचं प्रवासी विमान सुरू झालं. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे बंद पडली. मग स्टार एअर आली, 2023 च्या अखेरीस तीही थांबली आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये खुला झाला, पण तिथूनही मोजकीच छोटी विमानं उडाली. पॉइंट ज्या एअर इंडिया किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्समध्ये बदलून मिळतात, त्यांची विमानं बिदरला उतरत नाहीत. म्हणजे आधी हैदराबादचा शमशाबाद विमानतळ गाठायचा, त्यासाठी भाड्याची गाडी करायची आणि तिचे पैसे मात्र रोख मोजायचे. ‘फुकट’ या शब्दात हे भाडं कुणी धरत नाही.

बरं, पॉइंट साठवून ठेवले तर ते टिकतात का? एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली, तेव्हा तिच्या माइल्सवर वर्षानुवर्षं आस लावून बसलेल्यांना त्या माइल्सवर जेटच्या विमानात एकही सीट मिळेना. सप्टेंबर 2023 मध्ये ॲक्सिस बँकेनं आपल्या मॅग्नस कार्डाचं वार्षिक शुल्क 10,000 वरून 12,500 रुपये केलं, महिन्याला लाखभर खर्च केल्यावर मिळणारे 25,000 जादा पॉइंट बंद केले आणि पाच पॉइंटला चार माइल्स हा भाव पाचाला दोनवर आणला. कार्ड तेच, साठा तोच, किंमत अर्धी. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाच्या कार्डांचा मूळ हेतूच संपला. पॉइंट हा बँकेनं स्वतः छापलेला पैसा आहे. त्याचा भाव बँक ठरवते आणि बदलतेही तीच. तुरीचा भाव पडला तर निदान आंदोलन तरी करता येतं.

तेव्हा इथल्या कुटुंबाला विचार करायचाच असेल तर तो रेल्वेचा. कलबुर्गी मुंबई-चेन्नई मार्गावर आहे. बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये पूर्ण होऊन खुला झाला आणि मार्च 2024 पासून कलबुर्गीहून बेंगळुरूला वंदे भारत धावू लागली. भारतीय रेल्वेच्या तिकिटासाठी खास निघालेलं आयआरसीटीसी-एसबीआय प्लॅटिनम कार्ड एसी वर्गाच्या तिकिटावर 10 टक्क्यांपर्यंत पॉइंट देतं आणि त्यातला एक पॉइंट तिकिटाच्या एका रुपयाइतका चालतो. ऐकायला हे झकास वाटतं. पण वहीत मांडून पाहावं.

कार्डाचं पहिल्या वर्षाचं शुल्क 500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 590. म्हणजे त्या वर्षात 5,900 रुपयांची एसी तिकिटं काढली तेव्हा कुठे शुल्क वसूल होतं, आणि खरी कमाई त्यानंतर. शिवाय हे 10 टक्के स्लीपरला नाहीत. सीमाभागातलं जे घर तिरुपतीला स्लीपरनं जातं, त्याच्या हाती या कार्डावर सामान्य खरेदीचे, म्हणजे 125 रुपयांना एक असे पॉइंट पडतात. आणि साधं दुसरं क्रेडिट कार्ड वापरून ऑनलाइन तिकीट काढलं, तर पेमेंट गेटवेचा आकार वेगळा लागतो; तो आणि एक टक्का बक्षीस यांची तोंडमिळवणी होऊन हाती शून्य उरतं. हा आकार व्हिडिओत दिसत नाही.

खरा घोळ मात्र याहून खोल आहे आणि तो उत्पन्नाच्या वेळापत्रकाचा आहे. कार्डाचं बिल दर महिन्याला येतं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास, तुरीचे संक्रांतीच्या आगेमागे, आणि उसाचे कारखाना देईल तेव्हा. बिनव्याजी मुदत फार तर पन्नासएक दिवसांची. श्रावणात कार्डावर आणलेला किराणा तुरीच्या पैशातून फेडायचा म्हटलं, तर मधल्या महिन्यांचं व्याज कोण देणार? महिन्याला साडेतीन टक्के धरले, तरी वर्षाला 42. वीस हजारांची एक बाकी एक महिना पुढे ढकलली की 700 रुपये व्याज, त्यावर 126 रुपये जीएसटी. विलंब शुल्क वेगळंच. वीस हजारांच्या खर्चावर एक टक्क्यानं 200 रुपयांचे पॉइंट मिळतात. एक चूक चार महिन्यांची कमाई खाते. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नवी खरेदीही बिनव्याजी राहत नाही. ‘किमान रक्कम भरा’ ही बिलावरची ओळ ज्यांनी सोय म्हणून वाचली, त्यांच्याच पैशावर बाकीच्यांच्या विमानवाऱ्या होतात.

खत-बियाण्यांचा खर्च मुलाच्या कार्डावर टाकून पॉइंट कमावण्याची युक्तीही काही घरांत सुचवली जाते. ती तर सरळ तोट्याची. 1998 पासून चालत आलेल्या किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत सात टक्के आणि वेळेवर फेडल्यास चार टक्के व्याज पडतं. कर्नाटकात सहकारी संस्थांतून पाच लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज बिनव्याजी मिळण्याची सोय 2023-24 पासून झाली आहे. बिनव्याजी पैसा सोडून 42 टक्क्यांच्या जोखमीवर एक टक्का मिळवायचा, हा हिशेब कुणाही आडत्याला हसू आणील. मोबाइलच्या दुकानात कार्ड घासून कमिशन देऊन रोख घेणं तर त्याहून वाईट.

मग आडत बाजारातला माणूसच बरोबर का? नाही. त्याचं म्हणणं व्याजाबद्दल खरं आहे, कार्डाबद्दल नाही. दर महिन्याला पगार खात्यात जमा होणारी घरंही याच गावांत आहेत: शिक्षक, बसचालक, वाहक, परिचारिका, तहसील कार्यालयातले कारकून. त्यांच्या उत्पन्नाचं आणि कार्डाच्या बिलाचं वेळापत्रक एकच. त्यांनी कार्ड न वापरणं हा सद्गुण नाही. वर्षाकाठी दोनएक हजार रुपये सोडून देणं आहे. आणि कायदा पूर्वीसारखा ढिला राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार न मागितलेलं कार्ड गळ्यात बांधता येत नाही, आणि सगळं देणं फेडलेलं असेल तर बंद करण्याचा अर्ज आल्यावर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड. व्याजाच्या दराला मात्र असं कुंपण नाही: 30 टक्क्यांवर व्याज घेऊ नये असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. म्हणून पगारदारानंही खात्यातून पूर्ण बिल आपोआप जाईल अशी सोय केल्याशिवाय कार्ड खिशात घालू नये.

अशा घरासाठी योजना साधी आहे. वार्षिक शुल्क नसलेलं एकच रुपे कार्ड घ्यावं. सप्टेंबर 2022 पासून ते यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे बिदरच्या किराणा दुकानातही चालतं. मात्र दुकानाचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, दुकानदाराचा स्वतःचा असेल तर पैसे जाणार नाहीत. खर्च तोच ठेवावा जो कार्ड नसतानाही झालाच असता. पॉइंट साठवत बसू नये. जमेल तितक्या लवकर रुपयांत वळवून बिलातून वजा करून घ्यावेत आणि तेवढी रक्कम प्रवासाच्या वेगळ्या खात्यात टाकावी. महिन्याला वीस हजार खर्च करणाऱ्या घराला एक टक्क्यानं वर्षाला 2,400 रुपये मिळतील. चौघांची काश्मीरवारी यात होत नाही, गाणगापूर आणि पंढरपूर होतं.

आणि पंढरपूरला जाताना कार्डापेक्षा मोठी सवलत दाराशी उभी असते. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या हद्दीत साध्या आणि एक्सप्रेस बसचं तिकीट लागत नाही, आणि मार्च 2023 पासून महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ज्या घरात आई, सून आणि दोन मुली आहेत त्या घराचा कलबुर्गीपर्यंतचा बसखर्च पुरुषांपुरताच उरतो. कोणत्याही बँकेचे पॉइंट या रकमेशी बरोबरी करणार नाहीत, पण व्हिडिओवाल्याला शक्ती योजनेची जाहिरात करून काय मिळणार?

ज्या घरात पगार नाही, फक्त सुगी आहे, त्यांच्यासाठी जुनी भिशी आणि बचत गट हेच प्रवासाचं कार्ड. बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं अध्यक्ष गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात, 1990 च्या दशकापासून बचत गटांना कर्ज द्यायला सुरुवात केली आणि ते काम देशभर पाहिलं गेलं. गटातली बाई आठवड्याला थोडं थोडं टाकते, तिच्यावर व्याज चढत नाही, आणि काशीला जायचं ठरलं की आपलीच रक्कम काढते. पॉइंटवाले या पद्धतीला मागासलेली म्हणतात. बँका महिन्याऐवजी हंगामावर बिल काढायला तयार झाल्या, तर पॉइंटवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ आहे. सध्याच्या नियमांत कार्डधारकाला बिलाची तारीख बदलून मागता येते, एवढंच.