उतार एक, शब्द अनेक

मैत्रिणींनो, मुलांचा अभ्यास घ्यायला बसलं की मराठीतला एखादा साधासुधा शब्द इंग्रजीत शिरताना किती रूपं घेतो, ते कळतं. ‘उतार’ हा त्यातलाच एक. शब्दकोश उघडावा तर स्लोप, इन्क्लाइन, ग्रेडियंट, स्लँट, टिल्ट, रॅम्प अशी रांगच समोर उभी! यातला कुठलाही उचलून लिहिला तर चालत नाही, बरं का. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आपल्या घरात नाही का, पळी, डाव आणि झारा वेगवेगळे असतात, तसंच हे.

सर्वांत सोयीचा शब्द ‘स्लोप’. डोंगराचा उतार, अंगणाचा उतार, न्हाणीघराच्या फरशीचा ढाळ, सगळीकडे तो चालतो. आपला गवंडीही “बाई, मोरीकडे स्लोप दिलाय” असंच म्हणतो. छपराच्या उताराला मात्र खास शब्द ‘पिच’. कोकणातली कौलारू घरं ही ‘पिच्ड रूफ’ची. रस्ता मधोमध किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवतात, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. त्याला म्हणतात ‘कँबर’.

‘स्लँट’ हा जमिनीपेक्षा रेघेचा शब्द. तिरपं अक्षर, तिरप्या पावसाच्या धारा, खिडकीतून येणारी तिरीप, इथे ‘स्लँट’ शोभतो. ‘टिल्ट’ म्हणजे एरवी सरळ असलेली वस्तू कलती होणं. डाळीवरचं पाणी काढायला आपण पातेलं तिरकं करतो, तो ‘टिल्ट’. भूगोलात पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो, तिथेही हाच शब्द. आणि उभी वस्तू एका बाजूला झुकली तर ‘लीन’; म्हणून पिसाचा तो प्रसिद्ध मनोरा ‘लीनिंग टॉवर’ झाला.

आता ‘इन्क्लाइन’. मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट इंग्रज इंजिनियर ‘भोर घाट इन्क्लाइन’ या नावानेच ओळखत. कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ना, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पैशाच्या बँकेशी त्यांचा काही संबंध नाही! रेल्वेच्या इंग्रजीत चढणीला ‘बँक’ म्हणत, त्यावरून हे नाव. या घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतलं होतं. १८५९ साली ते इथेच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडलं नाही; जाणते इंजिनियर नेमून काम पुढे चालू ठेवलं आणि १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला. पुढच्या वेळी बोगद्यांतून जाताना या बाईची जरूर आठवण काढा.

या घाटाची चढण आहे ‘सदतिसाला एक’. म्हणजे गाडी सदतीस फूट पुढे गेली की एक फूट वर चढते. उताराचं असं मोजमाप म्हणजे ‘ग्रेडियंट’. हा शब्द आला लॅटिनमधल्या ‘पाऊल’ या अर्थाच्या शब्दावरून. उतार नुसता आहे की नाही हे ‘स्लोप’ सांगतो. किती आहे हे ‘ग्रेडियंट’.

आणि हे ‘किती’च आपल्या कामाचं आहे. घरोघरी वयस्क माणसं असतात. कुणाचे गुडघे गेलेले, कुणी चाकाच्या खुर्चीवर. सोसायटीच्या दाराशी ‘रॅम्प’ बांधून घेतात, पण तो असतो घसरगुंडीसारखा! खुर्ची ढकलणाऱ्या सुनेचा दम निघतो आणि बसलेल्या सासूबाईंचा जीव मुठीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार ‘बाराला एक’ याहून खडा नसावा, असा नियम आहे. हिशेब सोपा आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली दीड फूट. त्याच्या बारा पट म्हणजे रॅम्प अठरा फूट लांब हवा. पाच-सहा फुटांत उरकलेला रॅम्प नावालाच रॅम्प. सोसायटीच्या सभेत बायकांनी बोलू नये असं थोडंच आहे? “हा रॅम्प फार स्टीप आहे, ग्रेडियंट बाराला एक हवा,” एवढं एक वाक्य ठामपणे म्हणून पाहा. ‘स्टीप’ म्हणजे खडा, ‘जेंटल’ म्हणजे सौम्य. माप हातात असलं की कुणी “तुम्हाला काय कळतंय” म्हणत नाही.

जाता जाता एक गंमत. मराठीत जमिनीला ‘कल’ असतो, तसा मनालाही असतो. इंग्रजीतही ‘इन्क्लिनेशन’ म्हणजे मनाचा कल! भाषाशास्त्रज्ञ सांगतात, या शब्दाचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘श्रि’ धातूचं मूळ एकच. अर्थ टेकणं, आधार घेणं. त्या ‘श्रि’वरूनच आपला ‘आश्रय’ आणि पुढे ‘आसरा’. हवामानाचा ‘क्लायमेट’ही याच कुळातला, कारण ग्रीकांचा ‘क्लिमा’ म्हणजे उतारच. कललेल्याला टेकायला जागा देणं, हा अर्थ किती लांबून आपल्यापर्यंत आला पाहा!

या आठवड्यात मुलांना घेऊन घरभर फिरा. मोरीचा ढाळ, गच्चीचा उतार, भिंतीवरची कललेली तसबीर, दाराशी असलेला रॅम्प, प्रत्येकाला इंग्रजीतलं नेमकं नाव द्यायला सांगा. आणि रॅम्प असेल तर सोबत मोजपट्टी न्यायला विसरू नका.